शेवंतीच्या फळीवरची भांडी

शेवंतीच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पाणी काढण्यापेक्षा कठीण. आमच्या शेजारी लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला बघतेय. पण ग्रामपंचायतीत सगळ्या पंचांना गप्प बसवलं ते याच शेवंतीने, आणि मी तिथेच होते, म्हणून सांगते.

आमचा जिल्हा नवीन झाला होता, त्यानंतरची दोन-तीन वर्षं. वैशाखात तिचा नवरा हरिश्चंद्र आंबे काढताना कलमावरून पडला आणि गेला. मागे राहिलं काय, तर दोन खोल्यांचं कौलारू घर, भातशेतीचा एक तुकडा, एक शिवणाची मशीन आणि थकलेली घरपट्टी. लग्नसराईत तळेऱ्यापर्यंतच्या बायका तिच्याकडे झंपर शिवायला टाकत, पण पावसात कोण शिवतंय? आणि पंचायतीची नोटीस आली ती नेमकी पावसात. घरपट्टी भरा, नाहीतर जप्ती. जप्ती कशावर येणार? मशीनवर. ती गेली की शेवंतीने घराला कुलूप घालून फोंडाघाटला भावाच्या दारात जायचं, एवढंच उरलं होतं. आणि ती भावजय कशी आहे ते मला विचारू नका.

निराधार बाईची घरपट्टी माफ होऊ शकते हे आमच्या ह्यांनी सांगितलं. हे शाळेत मास्तर, त्यांनीच अर्ज लिहिला. आता तालुक्याचा साहेब येऊन घराची परिस्थिती बघणार होता.

तो आला चतुर्थी झाल्यावर. इथेच सगळा घोळ झाला.

वर्षाच्या आत मयत झालेलं, म्हणून शेवंतीकडे गणपती नव्हता. अशा घरी वाडीने खायला पाठवायचं, ही आमची रीत. कोणी खीर पाठवली, कोणी काळ्या वाटाण्याचं सांबारं, मी पातोळे दिले. पण भांडं रिकामं परत करायचं नाही, हीसुद्धा आमचीच रीत. शेवंतीकडे भरून द्यायला होतं काय? चिमूटभर साखर घालून पाठव म्हटलं तर ऐकेना. खीर आलेल्या टोपात चिमूट कशी घालू, म्हणे. मानी बाई. सगळी भांडी चिंचेने घासून तिने फळीवर लावून ठेवली. परत मागायला कोण जातंय? माझं पितळेचं पातेलं तिथे अडकलं आणि मी अल्युमिनियमच्या कळकट टोपात आमटी करत बसले.

साहेबाने दारातून बघितलं. फळीभर पितळ लखलखत होतं. खाली चूल थंड पडलेली, ती मेल्याला दिसली नाही. भांडी तुमचीच का, एवढंसुद्धा विचारलं नाही. आणि शेवंती? शेजाऱ्यांच्या घासावर जगतेय हे परक्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून खाली मान घालून उभी राहिली. साहेबाने लिहिलं, परिस्थिती बरी, माफीची गरज नाही.

मला कळलं तेव्हा मी तिला सोलून काढली. तोंड शिवून घेतलंयस काय गो, म्हटलं. अर्जाचा निकाल पंचायतीच्या सभेत व्हायचा होता. तो दिवस उजाडला तसा तिने हारा, म्हणजे मोठी टोपली, काढला, सगळी भांडी त्यात रचली आणि डोकीवर घेतला. न मावलेला मोठा टोप माझ्या हातात दिला. मी निमूट मागून चालले. मी निमूट चालले, यावरून काय ते समजा.

पंचायतीत साहेब होता, सरपंच गुरुदास होता, सगळे पंच होते, वाडीतली बाकीची माणसंही आली होती. शेवंतीने हारा उतरवला. आमच्याकडे भांड्याच्या काठावर घरधन्याचं नाव कोरतात. ती एकेक भांडं उचलून ज्याच्या त्याच्या पुढ्यात ठेवत गेली. सत्यवानासमोर त्याची कळशी, दत्तारामासमोर त्याचा डबा. मोठा टोप माझ्या हातून घेतला आणि सरपंचासमोर ठेवला. घरातला टोप खंय गेलो म्हणून बायकोवर रोज ओरडत होता, तोच हा टोप.

मग ती साहेबाकडे वळली.

"साहेब, ही माजी श्रीमंती. वाडीन माका जेवण धाडल्यान. भरून देवक माज्याकडे काय नाय, म्हणान भांडी माज्या घरात रवली. आता नेवा जप्तीक."

साहेबाने सरपंचाचा टोप फिरवून काठावरचं नाव वाचलं, आणि कानापर्यंत लाल झाला. माणूस वाईट नव्हता, एवढं म्हणेन. आपला शेरा त्याने आपल्याच हाताने खोडला, नवा लिहिला, आणि मंजुरी यायला वेळ लागेल पण जप्ती होणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. गुरुदास टोप घेऊन उठला, दारापर्यंत गेला, आणि परत येऊन हाऱ्यात ठेवला. म्हणाला, "रिकामो घेवन गेलंय तर बायल घरात घेवची नाय. सवडीन भरून दी."

बाकीच्यांनीही तेच केलं. भांडी पुन्हा फळीवर. माझं पातेलंसुद्धा, काय सांगू.

दिवाळीपर्यंत तिच्या शेताच्या तुकड्यातलं भात घरात आलं. चावदिवशी, म्हणजे नरकचतुर्दशीला, सकाळी वाडीतल्या प्रत्येक दारात आपापलं भांडं परत आलं, नव्या पोह्यांनी काठोकाठ भरून. ओलं खोबरं, गूळ, वेलची. गुरुदासाच्या टोपातले पोहे त्याच्या घरी दोन दिवस पुरले. शेवंतीकडे स्वतःचा असा एकच डबा होता, हरिश्चंद्राचं नाव कोरलेला. तोही तिने भरला आणि सरपंचाच्या हाती तालुक्याला साहेबाकडे धाडला.

डबा परत यायला आठवडा लागला. शेवंतीने माझ्यासमोरच उघडला. आत खडीसाखर होती, आणि तिच्यावर घडी घालून ठेवलेला घरपट्टी माफीचा हुकूम. साहेबालाही रीत कळली होती.

शेवंतीने आधी माझ्या तोंडात खडा घातला. मग मशीनवरचं फडकं काढलं आणि शिवायला बसली.