बिनफुलांचे देव

गेल्या आठवड्यात एका दुपारी माठाची जुडी अर्धी निवडून झाली होती. पानं सुपात, जून देठ खाली वर्तमानपत्रावर. तेवढ्यात पडवीतल्या झोपाळ्यावरून दादा म्हणाले, “तू हे करतेस ना, ते इंग्रजीत प्लक. पिक नव्हे. पिकमध्ये निवड आली, प्लकमध्ये हिसका आला.”

“दादा, माणगावच्या डॉक्टरांकडून परत फोन आला होता. काय सांगू?”

“सांग, विचार चालू आहे.”

माझी भाजी तिथेच राहिली. दादा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, आत्ता अंगठ्यावर भागेल, उशीर केला तर पाऊल जाईल. तेव्हापासून माझं चित्त कुठे लागत नाही. जप करायला बसते आणि मध्येच उठून त्यांच्या पायाचं बँडेज बघून येते.

दादांनी श्रीवर्धनच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. वर्गात फळ्यावर कमी, वाडीत जास्त. मुलांना आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत आणायचे. “सुपारी काय करतात रे?” “उतरवतात, सर.” “नारळ?” “पाडतात.” “विड्याचं पान?” “खुडतात.” “झावळी?” “तोडतात.” मग म्हणायचे, “तुमच्या आईला एवढे शब्द येतात, तर इंग्रजाच्या आईला येत नसतील का?” आणि लॉप, क्रॉप, शिअर, रीप अशी माळच लावायचे. वहिनी लवकर गेल्या, मूलबाळ नाही. पुढे त्यांना लॅटिनचं वेड लागलं. मुंबईहून एक जाडजूड जुना कोश आणला. कार्पेरे म्हणजे खुडणे. त्यावरून एक्सर्प्ट, पुस्तकातून खुडलेला उतारा. कार्पेटसुद्धा त्यातलंच. हे मला पोळ्या लाटताना पाठ झालंय.

देवाधर्माचं त्यांना फारसं नाही. पण माझ्या देवांची फुलं मी या घरात आल्यापासून तेच आणतात. पहाटे परडी घेऊन वाडीत जायचं, तेही अनवाणी. पूजेची फुलं पायात वहाण घालून खुडू नयेत, हे त्यांच्या आईने लावलेलं वळण. देव मानला नाही तरी आईचं मानलं. साखरेचा आजार झाल्यापासून पायाला काही कळत नाही. त्यात वाडीत झावळीचा टोकदार तुकडा अंगठ्यात घुसला. रक्ताचे ठसे मला पडवीत दिसले तेव्हा ते निवांत तगर मोजून परडीत ठेवत होते.

समजवायला येईल त्याच्या हातावर शब्द ठेवतात. पुण्याहून माझा सलिल फोनवर चिडला, “काका, साधं अॅम्प्युटेशन आहे!” तर म्हणाले, “शब्द माळ्याचा आहे, बाळा. द्राक्षवेल भोवतीने छाटायची, ते अॅम्प्युतारे. डॉक्टर मागाहून आले.” आमचे हे भावापुढे तोंडच उघडत नाहीत. वाडीतल्या झाडांना पाणी शिपणारा सदा मात्र म्हणाला, “दादानू, शब्दांनी पू थांबतो काय?” त्यालाही इन्सेक्टमध्ये कापणं कसं दडलंय ते ऐकावं लागलं.

परवा पहाटे खिडकीतून पाहिलं आणि माझा जीव घाबरा झाला. बँडेजवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून दादा पाटाच्या कडेने जास्वंदीकडे निघाले होते. दुसरा पाय उघडाच. मी धावत जाऊन परडी ओढून घेतली.

“आजपासून या घरात फूल खुडायचं नाही. कुणीही. मी पण नाही.”

“आणि तुझे देव?”

“बसतील तसेच.”

“देव रागावतील हो!” ते हसले.

“माझ्यावर रागावतील. तुमचा पाय तर राहील.”

बोलून गेले खरी, पण देवघरात बसल्यावर हात सवयीने रिकाम्या परडीकडे गेला. गंध लावलं, अक्षता वाहिल्या. बाळकृष्ण उघडा उघडा दिसत होता. बाहेर जास्वंदीची फुलं झाडावरच मिटली. मला सारखं वाटत राहिलं, हे पाप तर नव्हे? तरी दुसऱ्या दिवशीही तसंच केलं.

आज सकाळी पूजा चालू असताना दादा भिंत धरत देवघराच्या दाराशी आले. बिनफुलांच्या बाळकृष्णाकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी लॅटिन निघणार.

“अण्णांचं आधी अंगठ्याचंच होतं,” ते म्हणाले. “मग पाऊल कापलं. मग उठलेच नाहीत.”

अण्णा म्हणजे माझे सासरे. मी हातातली घंटा खाली ठेवली.

“दादा, अण्णांची मलमपट्टी मी करायचे. तुम्ही शाळेत असायचात. पट्टी सोडताना वास यायचा, तरी म्हणायचे, होईल बरं. दवाखान्यात नेलं तेव्हा पावलात वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कापलं म्हणून गेले नाहीत ते. वेळेत अंगठा कापू दिला नाही म्हणून गेले. मला तुमची पट्टी त्या वासाची नकोय.”

दादा चौकटीला टेकले. मग खालच्या आवाजात विचारलं, “मग अंगठा गेल्यावर चपलेशिवाय वाडीत जाता यायचं नाही. चपला घालून खुडलेली फुलं चालतील तुला?”

सासूबाईंचं वळण माझ्याही अंगात आहे.

“चालतील,” मी म्हटलं. “नाही चालली तर देवाशी मी भांडेन.”

“बरं. सांग मग त्या डॉक्टरांना.”

फोन झाला. उद्या सकाळी उपाशीपोटी या म्हणाले. दादांचं मन फिरायच्या आत आता गाडीवाल्या हिरामणकडे जाऊन पहाटेची गाडी सांगून यायचंय.