वरकुट्यातून दिसलेलं नेपल्स

बारामतीच्या एमआयडीसीत एका डेअरीच्या लॅबमध्ये मी दूध तपासायचं काम करते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मोझरेला चीज बनवायचं यंत्र इटलीहून आलं. ते बसवायला त्याच्यामागोमाग एक साठीचे गृहस्थ आले. लॅबमध्ये माझं इंग्रजी त्यातल्या त्यात बरं, म्हणून साहेबांनी मला त्यांच्यासोबत दिलं. त्यांचं इंग्रजी माझ्याहून तोडकं निघालं, त्यामुळे आमचं छान जमलं.

ते नेपल्सचे. त्यांच्याकडे हे चीज म्हशीच्या दुधाचं करतात. आमच्या कच्च्या दुधाचा त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, “या म्हशी राहतात कुठे?”

म्हणून एका रविवारी मी त्यांना माझ्या माहेरी, वरकुट्याला घेऊन गेले. माझे वडील, म्हणजे आबा, गोठ्यात होते. पाहुण्यांनी म्हशीच्या कपाळावर तळवा ठेवला आणि तिच्याशी इटालियनमध्ये बोलायला लागले. तिनं कान हलवले. आबा म्हणाले, “हिला कळतंय बघ. आपल्यालाच कळंना.”

चहा झाल्यावर पाहुण्यांनी चाचरत विचारलं, “इथे फोनला रेंज कुठे मिळते?” त्यांच्या गावच्या फुटबॉल संघाचा सामना होता. घरात रेंज नव्हती, कालव्याच्या भरावावर होती. आबांनी तिथं घोंगडी अंथरली आणि तांब्याला टेकवून फोन उभा केला.

मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. पण ती संध्याकाळ अजून माझ्या डोळ्यांत आहे. उसाच्या शेंड्यांवर उतरतं ऊन, खाली संथ चाललेलं पाणी आणि तळहाताएवढ्या उजेडात धावणारे निळे ठिपके. हजारो माणसं एकदम ओरडत, आणि तो आवाज इतका बारीक होऊन यायचा की पाण्यापलीकडं कुठंतरी जत्रा भरल्यासारखं वाटायचं. पुढं पुढं मला फोनकडे न बघताही त्या समुद्राकाठचं गाव दिसायला लागलं. गल्ल्या, वाळत घातलेले कपडे, गच्च्या. आबा तर सामना बघतच नव्हते, पाहुण्यांचा चेहरा बघत होते. नंतर मला म्हणाले, “ह्यो माणूस खेळ बघत न्हाय. वाट बघतोय.”

ते खरं होतं. त्या संघानं इटलीची लीग जिंकून तेहेतीस वर्षं झाली होती, आणि यंदा संघ सगळ्यांच्या पुढं होता. पण पाहुणे ‘विजेतेपद’ हा शब्द तोंडातून काढत नसत. ‘ती गोष्ट’ म्हणत. आबांना त्याचं नवल वाटलं नाही. ऊस फडात उभा असताना किती टन निघेल ते आबाही कधी बोलत नाहीत.

सगळेच सामने आमच्या जेवणाच्या आधी होत नसत. जे होत, ते आम्ही भरावावर बघायचो. नाताळात पाहुणे घरी गेले. तोवर संघ लीगमध्ये एकदाही हरला नव्हता. मधे विश्वचषकामुळे लीग थांबली होती. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिलाच सामना मिलानमध्ये होता, आणि तिथं ते हरले. पाहुणे लगोलग बारामतीला परत आले. त्यानंतर तुरीनहून आलेल्या जुन्या वैऱ्याला त्यांच्या संघानं पाच गोल घातले. सकाळी लॅबच्या दारात उभं राहून त्यांनी मला पाच बोटं दाखवली आणि गंभीरपणे म्हणाले, “मी इथे असलो की जिंकतात.”

मार्चमध्ये यंत्र सुरळीत चालू झालं. जायची वेळ आली, पण त्यांनी परतीचं तिकीट दोनदा पुढं ढकललं. कामगारांना अजून शिकवायचंय, असं साहेबांना सांगितलं. खरं कारण मला आणि आबांनाच ठाऊक होतं. त्यांच्या बायकोलाही असावं, कारण फोनवर तिचा आवाज चढायचा आणि हे खाली मान घालून ऐकत राहायचे.

वैशाख लागला. त्या रविवारचा सामना जिंकला की ‘ती गोष्ट’ होणार होती. सामना घरच्या मैदानावर, समोर शेजारच्याच गावचा संघ. संध्याकाळी साडेसहाला आम्ही भरावावर बसलो. गरम वारा सुटला होता. निळ्यांनी गोल केला, पाहुण्यांनी माझ्या आईच्या हातचं सरबत एका घोटात संपवलं. आणि शेवटची पाच-सहा मिनिटं उरली असताना शेजाऱ्यांनी बरोबरी केली. तेवढ्यावरच सामना संपला. फोनमधली जत्रा एकदम मुकी झाली.

“चूक माझी,” पाहुणे म्हणाले. “दर वेळी मी चप्पल काढून बसतो. आज काढली नाही.”

आबांनी मला विचारलं, “मागच्या बारीला जिंकलं तवा ह्ये कुठं व्हते, इचार.”

मी विचारलं. ते बराच वेळ बोलले. तेव्हा त्यांच्या लग्नाला महिना झाला होता. सगळं गाव रस्त्यावर होतं. बायकोनं चपला हातात घेतल्या आणि ती समुद्रापर्यंत नाचत गेली. पुन्हा जिंकलो की पुन्हा असंच जायचं, असं दोघांचं ठरलेलं होतं.

आबांनी फोन उचलून पाहुण्यांच्या हातात दिला. मग म्हणाले, “बाई, त्यास्नी सांग. ऊस वाढतोय पाण्यावर. मी बांधावर बसतोय त्ये माझ्या जिवासाठी. मी उठून घरी गेलो म्हणून ऊस वाढायचा ऱ्हात न्हाय. तितं बायकू वाट बघती. जावा म्हणावं.”

मी जमेल तसं सांगितलं. पाहुण्यांनी पाण्याकडे बघतच विचारलं, “आणि मी गेलो आणि हरले तर?”

“मग दोघं मिळून हरा,” आबा म्हणाले.

मंगळवारी कंपनीच्या गाडीनं ते निघाले. वाटेत भेटायचं म्हणून आबा आणि मी हायवेवर जाऊन थांबलो. टपरीवर चहा घेतला. पाहुण्यांनी आबांचे दोन्ही हात धरले आणि पुष्कळ काही बोलले, सगळं इटालियनमध्ये. मी भाषांतर केलं नाही, मला येतही नव्हतं. आबा मात्र मधूनमधून “व्हय, व्हय” म्हणत होते.

पुढचा सामना गुरुवारी होता, दूर उत्तरेत. तोही बरोबरीत सुटला. पण ‘त्या गोष्टी’ला आता बरोबरीचा एक गुणही पुरेसा होता. शुक्रवारी सकाळी कामावर गेले तर माझ्या फोनवर व्हिडिओ आलेला. निळा धूर, माणसांनी भरलेले रस्ते, आणि गर्दीत एक करड्या केसांची बाई अनवाणी नाचत होती. तिच्याशेजारी पाहुणे धापा टाकत होते आणि रडत होते. लॅबमध्ये नमुने खोळंबले होते, तरी मी तो दोनदा बघितला.

ते आता निवृत्त झाले आहेत, पुन्हा बारामतीला आले नाहीत. व्हिडिओ आला त्याच आठवड्यात, रविवारी, मी तो आबांना दाखवला. दुपारी लिंबाखाली बाजेवर बसून त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

“केवढी माणसं हायत. ह्यात आपलं पाव्हणं कुठं?”

मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ते नीट निरखून घेतलं.

“दिसलं,” ते म्हणाले. “बायकू झ्याक नाचती की.”