हवेने घेतलेला वाटा

कारखान्यात तिला सगळे छत्रीकाकू म्हणत. कारखाना हवाई छत्र्यांचा. जिथे धड रस्ते नाहीत अशा डोंगराळ भागात विमानातून औषधांची खोकी सोडतात, त्यांना बांधायच्या छत्र्या तिथे शिवल्या जात. खिडकीजवळचं मशीन काकूंचं. पांढऱ्या कापडाचे घोळ मांडीवरून ओघळून फरशीवर पसरायचे आणि त्यात ती कमरेपर्यंत बुडून बसायची. एके काळी त्या खात्यात बायकांची गजबज असे. मग कुणी निवृत्त झाली, कुणी सोडून गेली, आणि आता डबा उघडला की समोर रिकामं बाक. हात तिचा सफाईदार. पण आपण शिवलेली एकही छत्री उघडताना तिने पाहिली नव्हती.

पाहायला कुणी नको म्हटलं होतं असं नाही. चाचणीच्या मैदानावर यायचं बोलावणं आलं की काकूंचं डोकं दुखायचं, नाहीतर काम तुंबलेलं असायचं. खरं कारण एवढंच, की वरून काही पडताना तिला पाहवत नसे. तिचा नवरा रंगारी होता, उंच इमारती बाहेरून रंगवणारा. एका सकाळी चौथ्या मजल्याजवळ परांची सुटली आणि तो खाली आला. मुलगा तेव्हा शाळेतही जात नव्हता. भेटायला आलेला जो तो एकच सांगून गेला, "त्याला काही कळलंच नसेल, वहिनी." तिने मान डोलावली. पदर खोचून मुलाला वाढवलं, शिकवलं. तो नोकरीसाठी लांब गेला. त्या सकाळबद्दल मायलेकांत कधी चकार शब्द निघाला नाही.

यंदा कारखान्याने नवं, पातळ कापड घेतलं आणि छत्र्या काठाशी उसवायला लागल्या. चाचणी खात्यातली इंजिनियर मुलगी स्वतः मशीनपाशी आली.

"काकू, उघडताना ताण कुठे बसतो ते तुम्ही एकदा डोळ्यांनी बघा ना. शिवायची तुम्हालाच आहे."

"मला काय कळतंय गं त्यातलं?"

"मी आहे ना बरोबर. चला."

आता कुठलं डोकं आणि कुठलं दुखणं! ती निमूटपणे गाडीत बसली.

विमानाने पहिलं खोकं सोडलं. ते ठिपक्याएवढं दिसलं, मग मोठं होत गेलं. वरचं कापड उघडेचना. दोऱ्या एकमेकींत गुरफटल्या होत्या. काकूंना डोळे मिटायचे होते, ते मिटेनात. खोकं जमिनीवर आदळलं तो आवाज पायांतून वर आला. ती होती तिथेच गवतावर बसली.

"काकू, वाळू होती हो त्यात, नुसती वाळू." मुलीने पाण्याची बाटली पुढे केली.

काकूंनी दोन घोट घेतले. मग मैदानाकडे बघतच विचारलं, "चौथ्या मजल्यावरून माणूस पडला, तर हवा त्याला धरते का गं?"

"कोण पडलं, काकू?"

"आमचे हे."

मुलगी तिच्याशेजारी बसली.

"खरं सांगू?"

"खरंच सांग. धीर द्यायला पुष्कळ जण आले होते."

"पडणाऱ्याला पृथ्वी ओढत असते. जितकं अंतर ओढते, तितकं तिचं काम होतं आणि ते वेगाच्या रूपाने पडणाऱ्याच्या अंगात साठत जातं. हवा उलटं काम करते, त्यातला वाटा काढून घेते. पण हवेचा अडथळा वेगाबरोबर वाढतो. वेग दुप्पट झाला तर अडथळा चौपट. चार मजल्यांत तो जोर धरेपर्यंत जमीन आलेली असते. शंभरातले चार-पाच भाग घेतले असतील हवेने. बाकीचे…"

"बाकीचे त्यांनी सोसले," काकू म्हणाली.

दुसरं खोकं सुटलं. कापड फडफडलं, फुगलं आणि वर पांढरा घुमट उभा राहिला. खोकं हेलकावे खात सावकाश उतरू लागलं.

"आता बघा," मुलगी म्हणाली, "पृथ्वीची ओढ आणि हवेचा अडथळा सारखे झाले. वेग वाढायचा थांबला. एवढ्या उंचीवरून येतंय, पण टेकेल ते पुरुषभर उंचीवरून सोडल्यासारखं."

"मग बाकीचा जोर कुठे गेला?"

"हवेत. हवा ढवळली गेली, किंचित तापली."

काकूंनी तळहात वर धरला. "लागत नाही गं हाताला."

"लागणारही नाही. सगळीकडे पसरून जातो ना."

खोकं टेकलं. घुमट अलगद आडवा झाला. काकू उठली, लांबच लांब पसरलेल्या कापडाजवळ जाऊन काठ चाचपू लागली. दोऱ्या जोडल्या होत्या तिथे कापड ताणून विरविरीत झालं होतं. "इथे पट्टी लावून दुहेरी टीप घालते," ती म्हणाली. तसं केल्यावर छत्र्या उसवायच्या थांबल्या, आणि पुढच्या चाचण्यांना तिचं डोकं दुखलं नाही.

मैदानावरून परतली त्या संध्याकाळी तिने खोलीचं कुलूप काढलं आणि दिवा लावायच्या आधी मुलाला फोन केला. आपणहून ती सहसा करत नसे. आज मैदानावर काय पाहिलं ते सांगितलं, मग परांचीचं, चौथ्या मजल्याचं, हवेने घेतलेल्या चार-पाच भागांचंही सांगितलं.

"आई," तो म्हणाला. "जेवलीस का?"

"जेवले," ती म्हणाली. चूल अजून पेटायची होती.

"बरं. करतो मग फोन."

"कर हो."

फोन ठेवल्यावर ती अंधारातच खाटेवर टेकली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मग उठून तिने दिवा लावला आणि एकटीपुरते तांदूळ धुवायला घेतले.