छतातला बाण

"कुठल्या कंपनीचं धनुष्य चांगलं?" असं कुणी विचारलं की आमचे हे आधी चष्मा काढतात, डोळे चोळतात आणि मग उलट विचारतात, "चप्पल कुठल्या कंपनीची चांगली? जी तुमच्या पायाला होईल तीच ना?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. धनुष्यं विकण्यात आणि जुळवण्यात ह्यांचा जन्म गेला. दुकान आमचंच. पुढे काउंटर, मागे लांबट खोली, खोलीच्या टोकाला नेम मारायला फोमचं निशाण. मी बाणांना पिसं चिकटवते, बिलं करते आणि ह्यांच्यावर चिडते. तिसरं काम सगळ्यात जास्त वेळ खातं.

आम्ही विकतो ती कंपाउंड धनुष्यं. म्हणजे चित्रातलं वाकवलेलं लाकूड नव्हे. ह्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. दोरी ओढायला लागलं की मध्ये असं जड होतं की दात आवळले जातात, आणि तेवढा टप्पा ओलांडला की एकदम हलकं. मग निवांत नेम धरा. हा हलकेपणा कधी येतो, कसा येतो, त्यातच कंपन्यांचा स्वभाव कळतो, असं हे म्हणतात. कंपन्यांची खरी नावं खोक्यांवर छापलेली. दुकानात आमची आपली वेगळीच. एक तापट. तिचा बाण सुसाट जातो, पण ओढताना ती शेवटपर्यंत दमवते, आणि नेम धरल्यावर जरा ढिलाई केली की दोरी हाताला हिसका देऊन पुढे पळते. दुसरी शहाणी. मऊ ओढते, आवाज करत नाही, पण तिचं माप बदलायचं तर सुटे भाग मागवा, यंत्रात दाबून धनुष्य उघडा, शंभर भानगडी. आणि तिसरी सोशिक. दिसायला यथातथा, वेगही बेताचा, पण एका किल्लीने लहान होते, मोठी होते, जड होते, हलकी होते. आज मुलीने वापरली, उद्या बापाने, तरी कुरकुर नाही. नवशिक्याने डोळे मिटून सोशिक घ्यावी, असं हे घसा कोरडा करून सांगतात. आणि लोक? लोकांना तापटच हवी असते.

माप घ्यायचीही तीच तऱ्हा. दोन्ही हात पसरायचे, बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजायचं, त्याला अडीचने भागायचं, की ओढीची लांबी निघाली. सोपं आहे. पण टेप लावली की माणूस छाती फुगवतो आणि बोटं ताणतो. हे म्हणतात, "हात ताणू नका हो, उंचीचं बक्षीस नाहीये इथे." मग स्टूल. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, पाय जमिनीपासून उचलायला लावायचे, आणि धनुष्य समोर निशाणाकडे सरळ धरून दोरी ओढायला सांगायची. झेपत नसेल तर माणूस नकळत धनुष्य वर नेतो आणि खाली आणता आणता ओढतो. "आभाळ गाठलंत," हे म्हणतात, "हलकं करू." मग ते गृहस्थ लालबुंद होऊन म्हणतात, जड नाहीये, सवय नाहीये. जड आहे म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. एकही नाही.

आणखी दोन नियम ह्यांचे. बाण लावल्याशिवाय दोरी ओढायची नाही, कारण रिकामी दोरी सुटली तर धनुष्यच फुटतं. आणि प्रत्येक धनुष्य आधी स्वतः ओढून पाहायचं, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं.

ह्या दुसऱ्या नियमानेच घात केला. उजवा खांदा गेला. मला कळलं ते घरी. वरच्या फळीवरचा डबा हे डाव्या हाताने काढायला लागले. शर्ट घालताना तोंड दुसरीकडे फिरवायला लागले. कुशीवर वळले की श्वास अडकायचा, आणि मी विचारलं की म्हणायचे, "काही नाही, झोप तू." कशी झोपणार? शेवटी मीच ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हे ओढणं आता बंद, नाहीतर हात कानापर्यंतही जाणार नाही.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "त्यांना धनुष्यातलं काय कळतं?"

"खांद्यातलं कळतं ना."

"ओढून न बघता विकणारा मी नाही. त्यापेक्षा शटर खाली ओढेन कायमचं."

"शटर ओढायलाही खांदाच लागतो," मी म्हटलं. हसले नाहीत. एरवी हसले असते. मला तेव्हाच कळलं की दुकान गेलं तर हा माणूस घरात बसून वाळत जाईल, आणि दुकान राहिलं तर हात जाईल. ह्या दोन्हीच्या मध्ये मी अडकले होते, आणि दमले होते. खरंच दमले होते.

असं चाललेलं असताना एक ट्रक ड्रायव्हर आला. चांगला धिप्पाड गडी, बोलका, मनाने वाईट नाही. फोनवर व्हिडिओ बघून बघून सगळं पाठ करून आलेला. आल्या आल्या तापटपुढे उभा राहिला. "हीच द्या. सगळ्यात फास्ट हीच ना?"

ह्यांनी चष्मा काढला. डोळे चोळले. चप्पल झाली, टेप झाली, स्टूल झालं. गड्याने पाय उचलून दोरी ओढायला घेतली आणि धनुष्य थेट पंख्याकडे गेलं.

"आभाळ गाठलंत," हे म्हणाले. "सोशिक घ्या. वर्षभर मारा, मग बघू."

"अहो काका, ही कुणालाच सरळ ओढवत नसणार," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्हीच दाखवा बरं ओढून."

मी पिसं चिकटवत होते, तिथूनच ओरडले, "काही गरज नाहीये!" पण ह्यांनी ऐकलं तर शपथ. स्टुलावर बसले. नियमाप्रमाणे बाण लावला. पाय उचलले. आणि मी बघत राहिले. धनुष्य हळूहळू वर चाललं होतं. ज्या माणसाने जन्मभर लोकांना ह्याच एका गोष्टीवरून टोकलं, तो छताकडे तोंड करून दोरी ओढत होता. अर्ध्यावर आली आणि खांदा हरला. दोरी सुटली.

बाण छताच्या लाकडी पट्टीत घुसला. पिसापर्यंत. वरून भुसा पडला तो ह्यांच्या चष्म्यावर.

मग ड्रायव्हर घसा खाकरून म्हणाला, "काका, ते हलकं दाखवा की." बिचारा मुकाट्याने सोशिक घेऊन गेला. जाताना माझ्याकडे बघून मान हलवली, जणू घरात कुणी आजारी आहे.

मी दाराला कडी लावली आणि तोंड सोडलं. काय काय बोलले ते आता आठवत नाही. बाण कुणाच्या डोळ्यात गेला असता तर, तुमचा हात गेला तर मला घास भरवावे लागतील, आणि तुम्हाला माझी काही पर्वा आहे की नाही. शेवटचं वाक्य बोलताना रडू आलं, त्याचाही राग आला. हे स्टुलावरच बसून होते. भुसा झटकला नव्हता.

"संपलं," एवढंच म्हणाले. "आता गिऱ्हाइकाच्या आधी ओढून कोण बघणार?"

मी शिडी आणली, वर चढले, बाण ओढून काढला. छताला भोक राहिलं. खाली उतरले आणि म्हटलं, "मी."

"तू?"

"का? मला काय हात नाहीत? एवढी वर्षं पिसं चिकटवतेय. उठा. स्टूल द्या. सोशिक काढा एक खोक्यातून."

ह्यांनी चष्म्यावरचा भुसा पुसला. मग उठले आणि टेप आणली. मी भिंतीला पाठ लावून हात पसरले. ह्यांचा उजवा हात माझ्या बोटांपर्यंत पोचेना. प्रयत्न केला, ओठ चावला, थांबले. तेव्हा मीच भिंतीला पाठ लावून स्टुलावर बसले, म्हणजे हात ह्यांना पुरेल इतका खाली आला. इतक्या वर्षांच्या संसारात, शेकडो लोकांची मापं घेतलेल्या ह्या माणसाने माझं माप पहिल्यांदा घेतलं.

"हात ताणू नकोस," हे म्हणाले.

मी ताणत होते. मला कळलंही नव्हतं.

ह्यांनी किल्लीने माप लावलं, बाण लावून धनुष्य हातात दिलं. मी स्टूल निशाणासमोर घेतलं, पाय उचलले, सरळ धरलं, ओढायला लागले. दोरी जागची हलेना. दात आवळले. आणि मग माझे हात माझ्या नकळत वर जायला लागले, छतातल्या त्या भोकाकडे.

"थांब," हे म्हणाले. "सोड हळू. जड आहे का?"

"नाही, सवय नाहीये ना, म्हणून..."

हे समोर उकिडवे बसले. डाव्या हाताने धनुष्य खाली घेतलं. डोळे लाल झाले होते.

"जड आहे म्हण," ते म्हणाले. "मला तेवढं म्हणता आलं नाही."

"जड आहे हो," मी म्हटलं.

मग त्यांनी किल्ली लावली आणि दोन्ही बाजूंनी एकेक फेरा सैल केला.