गरारीचं माप

आमच्या धानगिरणीतल्या मिस्त्रींइतका चिडका माणूस उभ्या चांदा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि डोक्यात जाणारी गोष्ट ही की ते चिडत तेव्हा बहुधा त्यांचंच बरोबर असे. मूलजवळच्या त्या गिरणीत मी नवाच कारकून लागलो होतो. मी दार उघडलं तरी ते खेकसत, लावलं तरी खेकसत. गरारीचा, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचा, विषय निघाला की मग विचारूच नका. चेनच्या कड्या सम, तर गरारीचे दात विषमच हवेत, असा त्यांचा हट्ट. वीस दातांची गरारी विकायला आलेल्या एका बापड्याला त्यांनी मोटारस्टँडापर्यंत पिटाळलं होतं. "रोज त्याच कडीनं तोच दात खाल्ला, तर तो दात जगन कसा?" फूटपट्टीला ते हात लावत नसत. गरारीला काजळी आणि तेल फासून ती कागदावर दाबायची, आणि तो बरबटलेला ठसा नागपूरच्या ओतशाळेला पाठवायचा, हे त्यांचं माप. मॅट्रिक झालेल्या मला या अडाणीपणाचा भयंकर संताप येई.

ऐन हंगामात मिस्त्री चिमूरला लग्नाला गेले आणि हिवतापानं तिथेच पडले. इकडे धान वर चढवणाऱ्या चेनची गरारी झिजली. मी फूटपट्टी घेतली, जुनी चेन कडीकडीनं मोजली आणि ऐटीत आकडे लिहून पाठवले. गरारी आली, चेनवर फक्कड बसली. मी गिरणीभर पेढे वाटले. आठव्या दिवशी ती म्हातारी चेन तुटली. कोठीतली नवी चढवली, तर ती दातांवर चढून तिसऱ्याच फेऱ्याला तुटली आणि गिरणी बंद पडली.

त्याच दुपारी मिस्त्री परतले. अंगात ताप, आवाज मात्र शाबूत.

"झिजलेली चेन लांबते, बाबू! तिच्यावरून माप घेतलं काऊन? बुढ्याच्या वाकल्या कंबरेवरून पोराचा सदरा शिवाल काय?"

अर्धा तास ते माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मीही भडकलो, वाट्टेल ते बोललो. तेवढ्यात मालक आले. बाहेर धानाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली.

"माप कोणी पाठवलं?"

मी फूटपट्टी पाठीमागे लपवली. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

"मीनंच चिमूरवरून सांगून धाडलं होतं, मालक. तापात चुकलं."

मालकांनी त्यांना उभ्या उभ्या काढलं. मी तोंड उघडलं नाही. त्यांच्यावर इतका चिडणारा मी, पण स्वतःवर चिडायला मला तीन दिवस लागले. मग मालकांना खरं सांगितलं. तोवर मिस्त्री आलापल्लीला लाकडं चिरायच्या एका आरागिरणीत लागले होते. मी माफी मागायला गेलो. मला पाहताच त्यांनी पाना आपटला.

"ताप उतरला नाई माहा, अन् तुमी डोकं खायाले आले! इतक्या दूर काऊन आले? जेवले का नाई?"

मी नाही म्हणालो. त्यांनी आपला डबा माझ्यापुढे ढकलला आणि माझा शेवटचा घास संपेपर्यंत शेजारी बसून शिव्या देत राहिले. मालकांनी परत बोलावलंय म्हटलं, तरी यायला ते तयार झाले नाहीत. इतक्या मायेनं पुढे मला कुणी रागावलं नाही.