लाओशानच्या डोंगरावर घातलेलं गाऱ्हाणं

बायको गेली आणि मी देवाशी बोलणं टाकलं. खोटं कशाला लिहू, रागच होता. आम्ही मालवणकडची माणसं. आमच्यात देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने देवापुढे मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर बोलाला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. जबाब देणारं कोणी नसेल तर ते गाऱ्हाणंच नव्हे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या खोलीत माणसं दोनच. मी सांगायचो, ती जबाब द्यायची. पोटाच्या आजाराने ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्याच जिवासाठी मी गाऱ्हाणं घातलं, आणि पडल्या पडल्या तिनेच "व्हय म्हाराजा" म्हटलं. तरी देवाने नेलीच. मग सांगायचं कोणाला, आणि जबाब तरी कोण देणार?

खोलीत बसवेना म्हणून पुन्हा बोटीवर चढलो. इंजिनात तेल घालायचं माझं काम. वयामुळे ही शेवटचीच सफर. बोट चीनच्या बंदराला लागली तेव्हा माल उतरायला वेळ होता, म्हणून तिथल्या लोकांनी खलाशांसाठी बस काढली, लाओशान डोंगरावरचं जुनं देऊळ दाखवायला. मी नको म्हणत होतो. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, रत्नागिरीकडचा मुसलमान, माझा जुना दोस्त. तो म्हणाला, "चल रे म्हाताऱ्या, हितं बसून गंजशील."

"मला देव बघायचा नाय."

"मग डोंगर बघ. डोंगराशी पण भांडण हाय काय तुझं?"

गेलो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला उघड्या दगडाचे सुळके, एकामागे एक, मागचे धुक्यात बुडालेले. असलं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि दाखवायला ती नव्हती. प्रत्येक सफरीहून मी तिला कपबश्या आणायचो. ती म्हणायची, "नुसते कप आणतास, माका कधी नेतलास?" पायऱ्या चढताना तेच कानात. मधेच मी मागे वळून बघितलं, ती दमली का म्हणून. सवय, दुसरं काय.

सारंग गुडघे धरून देवळाबाहेर बसला. "तू जाऊन ये. मी हाय."

आत लांब दाढीच्या देवाची मूर्ती. बाजूला निळा झगा घातलेला, केसांचा बुचडा बांधलेला म्हातारा पुजारी, पुढ्यात पितळेचं मोठं भांडं. मी मागे फिरणार होतो. पण गुडघे आपसूक वाकले आणि तोंडातून निघालं, "बा देवा म्हाराजा, तुझा नाव माका ठाव नाय."

कपाळ टेकलं. पुजाऱ्याने भांड्यावर टोला दिला. आवाज घुमत राहिला.

जबाब होता तो. "माझी घरकारीण गेली, म्हाराजा." पुन्हा टेकलो, पुन्हा टोला.

"तिका परत दी असा म्हणनय नाय. जंय आसा थंय तिका सांभाळ."

तिसरा टोला. मग मला उठवेचना. ती गेली तेव्हा रडलो नव्हतो, तो तिथे लहान पोरासारखा रडलो. पुजारी भांड्यावर हात ठेवून उभा राहिला.

बाहेर सारंगाने माझ्या तोंडाकडे बघितलं. "भांडण मिटलं वाटतं?"

"गप रे," म्हटलं.

कोणी वाकलं की टोला द्यायचा ही तिथली रीतच आहे, असं आमच्याबरोबर दिलेल्या दुभाष्याने बसमध्ये सांगितलं. असेल. मी वाद घालत नाही. त्या अनोळखी म्हाताऱ्याचे मात्र माझ्यावर उपकार आहेत, ते त्याला कधी कळायचे नाहीत.

आता मी खोलीतच असतो. तिची आठवण तसूभर कमी झालेली नाही. रोज दिवा लावून देवाला सगळं सांगतो, पुढचं त्याच्यावर सोडतो. ही आठवण कमी कर, एवढं मात्र कधी मागत नाही.