बंद गाडीतला पंखा

आठ दिवस मी दादाशी बोलत नव्हतो, आणि तेही एका पंख्यावरून. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मी फार ताठ होतो.

माजिवड्याला हायवेलगत आमचं गॅरेज. बंद पडलेले ट्रक ओढून आणायची एक जुनी गाडी होती, ती माझा मोठा भाऊ चालवायचा. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मागे भरलेला ट्रक बांधून गायमुखचा चढ चढायचा म्हणजे इंजिन उकळणारच. मी म्हटलं, रेडिएटरचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, तोच ताकद खातो, विजेवरचा बसवू.

"ओढणाऱ्या गाडीला पट्ट्याचाच हवा," दादा म्हणाला. "इंजिन थांबलं की तो थांबतो. त्याचा भरवसा आहे." वर चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "अक्कल गहाण टाकलीस काय रे?" माझं डोकंच फिरलं.

दादा दोन दिवस गावी गेलेला, तेवढ्यात मी पट्ट्याचा पंखा काढला आणि भंगारातला लोखंडी पात्यांचा विजेचा पंखा आणून जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे बसवला. वायर किल्लीला न जोडता, तापल्यावर लागणाऱ्या स्विचमधून थेट बॅटरीला जोडली. गाडी बंद केल्यावरही रेडिएटर तापलेला असला तर पंखा आपोआप लागावा, म्हणून. हे दादाला सांगायला हवं होतं. 'हात घालण्याआधी वायर काढ', एवढंच. पण आधी त्याने बोलावं, असा माझा हट्ट.

परत आल्यावर दादाने पंखा पाहिला आणि थेट गाडी काढली. गाडी आता चढावर तापत नव्हती. रोज सकाळी जाळी उघडून रेडिएटरवरचा कचरा हाताने काढायची त्याची सवय होती. गाडी थंड असायची म्हणून निभावत होतं. त्याचा हात आत गेला की मी पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली शिरायचो.

दसऱ्याला जाळीवर झेंडूचा हार घातला. दुपारी एक ट्रक ओढून दादा परतला, तर हार आत ओढला जाऊन पात्यांत गुंडाळलेला, पंखा अडकलेला, रेडिएटरमधून वाफ निघत होती. दादाने इंजिन बंद केलं, जाळी उघडली. पूजेची फुलं पायदळी जाऊ नयेत म्हणून एकेक सोडवून खिशात ठेवू लागला. मी दहा पावलांवर उभा होतो. आता तरी बोल, असं स्वतःला म्हणत होतो. त्याने शेवटचा दोरा ओढला आणि अडकलेली पाती सुटून गरकन फिरली.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर त्याने मला जवळ बोलावलं.

"बंद गाडीतपण लागतो तो. तुला ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हटलं.

त्याला ते खरं वाटलं. डाव्या हाताने माझं मनगट धरून म्हणाला, "मग आजच काढून टाक. उद्या तुझा हात जायचा."